दुधाचे सोवळे: एका समजुतीचा प्रतिवाद

तान्ह्या बाळाच्या आहाराविषयी एक मत अलीकडे आपल्या घराघरांतून, प्रसूतिगृहांच्या खाटांभोवती आणि गरोदर स्त्रियांसाठी भरणाऱ्या मार्गदर्शनाच्या वर्गांतून इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की, त्यास पुरावा मागणे हेच औद्धत्य ठरावे. ते मत असे: अंगावरचे दूध आणि डब्याचे दूध ही दोन्ही एका पोटात नांदत नाहीत, डब्याच्या दुधाचा एक घोट जरी आत गेला तरी बाळाच्या आतड्याची घडी जी विस्कटते ती विस्कटतेच, आणि म्हणून मातेने एक तर निव्वळ अंगावर पाजावे, किंवा ते साधत नसेल तर अंगावरचे तोडून सर्वस्वी डब्यावर जावे, परंतु या दोहोंची सरमिसळ म्हणून करू नये. या मतातील अतिशयोक्ती एक वेळ सोडून देता आली असती. परंतु त्यातून जो सल्ला निघतो त्याने बाळाची प्रत्यक्ष हानी होते, आणि ती नेमकी त्याच पोटाची होते, ज्याच्या रक्षणासाठी हे सारे सोवळे मांडलेले असते. म्हणून हा प्रतिवाद.

प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते आधी निःसंकोच मान्य करावे आणि मगच वादास उभे राहावे, हा आपल्याकडील शास्त्रार्थाचा जुना शिरस्ता आहे, आणि या प्रकरणी तर मान्य करण्यासारखे पुष्कळच आहे. मातेचे दूध हे अर्भकाच्या पचनसंस्थेचे सर्वोत्तम अन्न होय, याविषयी माझा कोणाशीही विवाद नाही. त्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल ज्यांचा क्रम लागतो त्या ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. त्या मोठ्या आतड्यापर्यंत जशाच्या तशा पोहोचतात आणि तेथे बायफिडोबॅक्टेरियम जातीच्या सूक्ष्मजंतूंचे अन्न होतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९०० च्या सुमारास आंरी तिसिये याने अंगावर पिणाऱ्या अर्भकांच्या शौचात हे जंतू ओळखले. ते जी आम्ले निर्माण करतात त्यांच्यामुळे रोगकारक जंतूंना आतड्यात ठाणे मांडणे कठीण जाते. बेलारूसमध्ये १७,००० हून अधिक माता-बालकांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्या इस्पितळांतून स्तनपानास पद्धतशीर साह्य दिले गेले तेथील बाळांत पहिल्या वर्षातील जठरांत्राच्या संसर्गाचे प्रमाण ९.१ टक्के, तर इतर इस्पितळांतील बाळांत ते १३.२ टक्के आढळले. पहिले सहा महिने निव्वळ अंगावर पाजावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मला मान्य आहे; १९९२ साली आपल्या संसदेने डब्याच्या दुधाच्या आणि दूध पाजण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातीस कायद्याने मज्जाव केला आणि २००३ साली तो कायदा अधिक कडक केला, हेही योग्यच झाले. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबापुढे ‘दूध आणि खून’ अशा मथळ्याचे भाषण करून डबाबंद दुधापायी होणाऱ्या बालमृत्यूंची फिर्याद ज्या सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी मांडली, त्यांच्याच पक्षाचा मी आहे. दूधपावडरीच्या कारखानदारांची वकिली या लेखात कोणी शोधू लागेल तर त्याचा शोध व्यर्थ जाईल.

माझा वाद सुरू होतो तो यापुढच्या पायरीवर. अंगावरचे दूध सर्वोत्तम आहे, या विधानातून ते अपुरे पडले असता त्यास जोड म्हणून दिलेले दुसरे दूध घातक आहे, हे विधान निघत नाही. आणि निघत नसताही ते निघाल्याप्रमाणे सर्रास वापरले जाते. याचे कारण असे की, ज्या अभ्यासांचे दाखले दिले जातात त्यांत बहुधा दोन टोकांची तुलना असते: एकीकडे निव्वळ अंगावर वाढलेली बाळे, दुसरीकडे निव्वळ डब्यावर वाढलेली, आणि मधल्या प्रदेशात जी असंख्य बाळे वाढतात त्यांच्याविषयीचा निवाडा या दोन टोकांवरून परस्पर देऊन टाकला जातो. या मधल्या बाळांच्या आतड्यातील जंतुसृष्टी तपासली असता ती मधल्याच स्थितीत, आणि पुष्कळदा डब्यावरच्या बाळांकडे झुकलेली आढळते, हे खरे आहे आणि ते झाकून ठेवण्याचे मला प्रयोजन नाही. परंतु बेलारूसमधील ज्या प्रयोगाचा दाखला मी वर दिला, त्याचाच दुसरा एक आकडा फारसा कोणी सांगत नाही. ज्या गटातील मातांना सर्व प्रकारचे साह्य मिळाले त्या गटातसुद्धा तीन महिन्यांच्या वयास निव्वळ अंगावर असणारी बाळे शंभरात त्रेचाळीस होती आणि सहा महिन्यांच्या वयास आठही नव्हती. म्हणजे संसर्गाचे प्रमाण जे खाली आले ते अशा बाळांत आले, ज्यांतील बहुसंख्यांच्या पोटात सहा महिन्यांच्या आतच दुसरे काही ना काही गेलेले होते. लाभ झाला तो अंगावरचे दूध अधिक मिळाल्याचा आणि अधिक काळ मिळाल्याचा झाला. सोवळे मोडले म्हणून तो नाहीसा झाला नाही.

याहून बोलका पुरावा स्वीडनमधील आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९८ माता आणि त्यांची बाळे यांच्या जंतुसृष्टीचा वर्षभर मागोवा घेण्यात आला, आणि निष्कर्ष असा निघाला की, अर्भकाच्या आतड्यातील जंतुसृष्टीस प्रौढांच्या वळणावर नेणारी निर्णायक घटना घन आहार सुरू होणे ही नसून स्तनपान थांबणे ही आहे. या निष्कर्षाच्या उजेडात ‘अंगावरचे तोडून टाका आणि एकच काय ते द्या’ हा सल्ला पुन्हा वाचून पाहावा. दोन दुधांच्या मिश्रणाने आतडे बिघडेल या भयापोटी जी एक गोष्ट आतड्याचे खरे संरक्षण करीत होती तीच काढून घेण्याचा हा सल्ला आहे. दिवसातून आठ वेळा दूध पिणाऱ्या बाळास पाच वेळा मातेचे आणि तीन वेळा दुसरे मिळत असेल, तर पाच वेळा त्या शर्करा आणि ती संरक्षक द्रव्ये त्याच्या आतड्यात उतरतातच. शुद्धतेच्या नावाखाली ती पाचही वेळ शून्यावर आणणाऱ्याने बाळाच्या पचनाची सेवा केली, असे कोणत्या हिशेबाने म्हणावयाचे?

अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जन्मानंतर वजन अधिक उतरत चाललेल्या १६४ नवजात अर्भकांपैकी निम्म्यांना दर स्तनपानानंतर पिचकारीने केवळ दहा मिलिलिटर डब्याचे दूध देण्यात आले, आणि तेही मातेला पान्हा पुरेसा येईपर्यंतच. महिन्याने पाहता अंगावर पिणाऱ्यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय तफावत नव्हती, आणि ज्या थोड्या बाळांची जंतुसृष्टी तपासली गेली तीतही भाकीत केलेला अनर्थ दिसला नाही. त्याच बाळांचा पुढे वर्षभर मागोवा घेतला असता मात्र जोड मिळालेल्या गटात अंगावर पिणे चालू राहिलेल्यांचे प्रमाण कमी आढळले. ही दुसरी गोष्ट प्रतिपक्षाच्या बाजूची आहे, आणि तिचे उत्तर देण्याचे दायित्व मी टाळणार नाही; पण ती आतड्याविषयीची तक्रार नाही, दूध आटण्याविषयीची आहे, हे ध्यानात ठेवून तिला तिच्या जागी येऊ द्यावे.

सरमिसळीविरुद्धच्या या हुकमाचा एक उगम दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे सापडतो. तेथे १९९९ साली एचआयव्हीबाधित मातांच्या बाळांवरील अभ्यासात असे दिसले की, निव्वळ अंगावर पिणाऱ्यांपेक्षा दोन्ही प्रकारचा आहार घेणाऱ्या बाळांत संसर्ग अधिक उतरला. त्या मातांपुरता तो इशारा रास्त होता. परंतु प्रभावी औषधोपचार उपलब्ध झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली त्या मातांसाठीदेखील असे स्पष्ट केले की, उपचार चालू असताना मिश्र आहार द्यावा लागला तरी तेवढ्यावरून स्तनपान बंद करू नये. जेथे निर्बंधाला सर्वांत बळकट कारण होते तेथे तो असा सैल झाला असताना, निरोगी मातेच्या निरोगी बाळावर तो अद्याप लादला जावा, याचे समर्थन मला दिसत नाही.

आता पोट ‘बिघडले’ असे ज्यांवरून ठरवले जाते त्या लक्षणांकडे वळू, कारण सामान्य घरात या वादाचा निकाल शास्त्रीय नियतकालिकांत लागत नाही, दुपट्यावर लागतो. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मोहरीसारखी पिवळी, पातळ, किंचित कणीदार आणि आंबूस वासाची असते. पहिल्या काही आठवड्यांत ती दर पिण्यानंतरही होऊ शकते, आणि सुमारे दीड महिन्यानंतर चार-चार दिवस न होताही बाळ खेळते, हसते आणि वजनाने वाढते. डब्याचे दूध सुरू झाले की ती घट्ट होते, तिचा रंग गडद, कधी तपकिरी तर कधी हिरवट होतो आणि वास उग्र होतो. या पालटाची कारणे उघड आहेत. गाईच्या दुधातील प्रथिनांत केसीनचा वाटा सुमारे ऐंशी टक्के असतो, तर मातेच्या दुधात निवळीतील प्रथिनांचे प्राबल्य असते. डब्याचे दूध बनवताना निवळीचा अंश वाढवून हे प्रमाण सुधारलेले असले तरी पोटात त्याचे विरजण अधिक घट्टच बसते, आणि काही डब्यांत वापरलेल्या पाम तेलातील मेदाम्ले आतड्यात कॅल्शियमशी संयोग पावून शौचास आणखी घट्टपणा आणतात. जे अन्न बदलले त्याचा अवशेष बदलला, इतकाच याचा अर्थ. रंग पाहून घाबरलेली आजी आणि आजीला पाहून घाबरलेली बाळंतीण अशा दोघी मिळून त्याच दिवशी दूध बदलतात, चार दिवसांनी पुन्हा बदलतात, आणि या फेरबदलांत बाळाच्या आतड्यास कशाचीच सवय होण्याची मुदत मिळत नाही.

खरी भीतीची लक्षणे निराळी आहेत आणि ती प्रत्येक घराला ठाऊक असली पाहिजेत: शौचात रक्त किंवा सतत शेंब, खड्यासारखी कोरडी गोळी होऊन बाळ कण्हणे, हिरव्या पित्ताची उलटी, ताठ फुगलेले पोट, पाण्यासारखे जुलाब होऊन लघवी कमी होणे, आणि सुस्ती. यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही काही थोड्या बाळांना खरोखरच असते, आणि तिचे निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. परंतु ज्या रडण्यावरून डब्याच्या दुधास बहुतेक वेळा दोषी धरले जाते, ते संध्याकाळचे, मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन केलेले रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसास पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरते, मग बाळ अंगावर असो की डब्यावर. बहुतेक घरांत जोडदूध सुरू होते ते नेमके याच आठवड्यांत. ज्याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात त्याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

आणि मग ‘बिघडलेल्या’ पोटावर जे उपचार होतात त्यांचा विचार मला अधिक अस्वस्थ करतो. ग्राइप वॉटर येते, ओव्याचे पाणी येते, मधाचे बोट येते, आणि सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ उगाळून बाळगुटीचे वेढे तर कित्येक घरांत दहा-बारा दिवसांच्या बाळालाही दिले जातात. मधात बॉट्युलिझमचे बीजाणू असू शकतात म्हणून वर्षाच्या आतील मुलास तो कदापि देऊ नये, हे वैद्यकाने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. गुटीतील द्रव्यांचे प्रमाण उगाळणाऱ्या हाताच्या जोरावर ठरते, आणि सहाणेची व पाण्याची स्वच्छता कोणी तपासत नाही. ज्या घरात डब्याच्या दुधाने ‘निव्वळ स्तनपानाचा’ भंग झाला म्हणून सुनेला बोल लावला जातो, त्याच घरात तीच वडीलधारी मंडळी पहिल्या आठवड्यापासून गुटी चाटवीत असतात. वास्तविक निव्वळ स्तनपानाच्या व्याख्येत डॉक्टरांनी दिलेल्या औषधाव्यतिरिक्त साधे पाणीसुद्धा बसत नाही. अपुऱ्या स्वच्छतेचे चाटण आतड्यात गेल्याने जुलाब झाले आणि त्यांचे खापर मोजून-मापून दिलेल्या दुधावर फुटले, असे किती घरांत घडत असेल, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरापुरता करावा.

काही मंडळी या सोवळ्यास विरुद्धाहाराचा आधार देतात आणि दोन दुधे एकत्र होणे आयुर्वेदास निषिद्ध असल्याचे ठामपणे सांगतात. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात, जेथे बालकाच्या उपचारास आरंभ होतो तेथेच, स्तन्याचा अभाव असता शेळीचे किंवा गाईचे दूध औषधी मुळांनी सिद्ध करून द्यावे, अशी तजवीज सांगून ठेवली आहे. आणि मातेस दूध नसेल तर धात्री कशी निवडावी, याचे सविस्तर विवेचन चरकसंहितेत आहे. माता कमी पडू शकते, ही गोष्ट या ग्रंथकारांनी कोणताही कलंक न लावता, नित्याच्या वैद्यकीय प्रश्नासारखी हाताळली आहे. त्यांच्या नावाने मातेस दटावणाऱ्यांनी ते प्रकरण एकदा मुळातून वाचावे. मात्र त्या काळी दुसरा उपाय नव्हता म्हणून सांगितलेले गाईचे, शेळीचे वा गवळ्याचे म्हशीचे दूध आज वर्षाच्या आतील बाळास मुख्य अन्न म्हणून देणे योग्य नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मातेच्या दुधात प्रथिने शेकडा एकाच्या आसपास, गाईच्या दुधात तीनाहून अधिक आणि म्हशीच्या दुधात चाराच्या घरात असतात. त्यांचा भार कोवळ्या मूत्रपिंडांवर पडतो, लोह अत्यल्प मिळते, आणि पाणी घालून ते पातळ केले तर भार कमी होताना पोषणही कमी होते. जोड द्यावयाचीच झाली तर ती अर्भकांसाठी बनवलेल्या दुधाचीच द्यावी.

येथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येतो. ते म्हणतात की, वरचे दूध सुरू झाले की अंगावरचे आटते, आणि म्हणून पहिली वाटी हीच शेवटाची सुरुवात असते. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मी त्यास टाळाटाळीचे उत्तर देणार नाही. स्तन जितका रिकामा होतो तितके नवे दूध तयार होते. तो भरून राहिला की निर्मितीस आतूनच प्रतिबंध होतो. बाळास आधी डब्याचे दूध पोटभर पाजले आणि मग ते झोपले, तर त्या वेळचे दूध अंगात तसेच राहते, आणि असे दिवसातून तीन-चारदा घडले की आठवड्याभरात खरोखरच दूध कमी होते. परंतु हा दोष जोड देण्याच्या क्रमाचा आहे. आधी दोन्ही बाजूंना अंगावर पाजावे, आणि त्यानंतर जेवढी तूट असेल तेवढीच जोड द्यावी. रात्रीचे पाजणे, जे दूध टिकवण्यास विशेष उपकारक असते, ते बाटलीच्या स्वाधीन करू नये. एखादी वेळ चुकलीच तर हाताने वा पंपाने दूध काढावे. बाटलीच्या धारेची चटक लागू नये म्हणून वाटी-चमच्याने किंवा आपल्या आज्यांच्या वापरातील बोंडल्याने पाजावे. आणि वजन मार्गी लागले की जोड हळूहळू उतरवावी. अमेरिकेतील त्या बाळांत वर्षाअखेर जी घट दिसली तीवरून मी इतकेच शिकतो की, दहा मिलिलिटर देणे सोपे असते, पण ते देऊन झाल्यावर मातेस महिनोन्‌महिने जे साह्य द्यावे लागते त्याची तरतूद बहुधा कोणीच करीत नाही.

तूट आहे की नाही, हे कोणी ठरवावे? बाळ रडले म्हणून दूध पुरत नाही असे मानणाऱ्या घरांत बहुतेक वेळा दूध पुरेसे असते आणि धरण्याची पद्धत चुकलेली असते. तेथे डबा आणणे खरोखरच अनावश्यक आहे. उलट, प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झालेली, वारेचा अंश आत राहिलेली, थायरॉइडचा विकार असलेली, स्तनांवर शस्त्रक्रिया झालेली, किंवा जिच्या स्तनग्रंथींची वाढच अपुरी आहे अशी माता, जुळ्यांची माता, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची माता, यांना कितीही निष्ठेने पाजले तरी दूध कमी पडू शकते. आणि त्यांना ‘मनापासून पाजत नाहीस’ असे म्हणणे हा निखालस अन्याय आहे. दोहोंतील निवाडा वजनकाटा करतो. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी, दोन आठवड्यांच्या आत जन्माचे वजन परत येणे, आणि पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी वीस ते तीस ग्रॅम वाढ, एवढे जमत असेल तर जोडीची गरज नाही. जमत नसेल तर तिला विलंब लावणे धोक्याचे आहे. भुकेले अर्भक पिण्याचेही श्रम करू शकत नाही, कावीळ वाढते, रक्तातील साखर उतरते, आणि निर्जलीकरणाने प्राणावर बेतू शकते. अशा वेळी पहिला मान मातेच्याच काढलेल्या दुधाला, दुसरा मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी स्थापन केलेल्या, आशियातील पहिल्या मानल्या जाणाऱ्या दुग्धपेढीसारख्या पेढीतून मिळणाऱ्या दुधाला, आणि तेही नसेल तेव्हा डब्याच्या दुधाला. या क्रमात डबा शेवटी आहे. पण तो क्रमात आहे.

डब्याच्या दुधाने पोट खरोखर बिघडते ते बहुतांशी ते बनवण्याच्या रीतीने, आणि या विषयावर आपल्याकडे जे मौन पाळले जाते त्यास मी अपराध समजतो. पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून, सत्तर अंशांच्या खाली निवण्याआधीच तीत मिसळावे आणि मग ते दूध कोमट करून पाजावे. डब्यावर सांगितले असेल तेच प्रमाण घ्यावे, बहुधा तीस मिलिलिटर पाण्यास एक सपाट चमचा; बाळ लवकर बाळसे धरावे म्हणून चमचा शिगोशीग भरला तर मलावरोध होतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि डबा महिनाभर पुरावा म्हणून पाणी वाढवले तर बाळ पोट भरूनही उपाशी राहते. बनवलेले दूध दोन तासांच्या आत वापरावे, बाळाने उष्टे ठेवलेले फेकून द्यावे. हे सारे पाच मिनिटांत शिकवता येते. ते शिकवण्यास कायद्याची आडकाठी आहे, अशी समजूत कित्येक आरोग्यसेवकांतही आहे. वास्तविक १९८१ च्या ज्या आंतरराष्ट्रीय संहितेवर आपला कायदा उभा आहे तिने जाहिरातीस बंदी करतानाच, ज्या मातांना हे दूध वापरावे लागणार आहे त्यांना ते कसे बनवावे याचे प्रात्यक्षिक आरोग्यसेवकाने द्यावे आणि चुकीच्या वापराचे धोके समजावून सांगावेत, अशी मुभा शब्दांत नमूद केली आहे. निषेधाच्या उत्साहात ही मुभा विसरली गेली, आणि मातेने डबा चोरून आणला, चोरून बनवला आणि शेजारणीकडून शिकली.

सहा महिने निव्वळ अंगावर पाजण्याचा आग्रह धरणाऱ्या समाजाने त्या सहा महिन्यांची सोय केली आहे काय, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी मातृत्वरजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर व तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची सवलत आली. परंतु प्रसूतीआधी घेतलेले आठवडे याच सव्वीसांतून वजा होतात, आणि घरकाम करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या, बीडहून ऊसतोडीच्या फडावर उतरणाऱ्या स्त्रियांच्या दप्तरी ही रजा कोठे लिहिलेली नसते. अशा मातेने सकाळी, संध्याकाळी आणि रात्री अंगावर पाजून मधल्या वेळची जोड दिली तर तिने जे शक्य होते ते सर्व केले. तिला हिरकणीची गोष्ट ऐकवू नये. रायगडाच्या त्या आख्यायिकेतील माता कडा उतरून गेली ती दरवाजे मिटले होते म्हणून; तिचे नाव आज एस. टी. स्थानकांवरील ज्या हिरकणी कक्षांना दिले आहे ते कक्ष उघडे, स्वच्छ आणि बसण्यालायक राहतील एवढे पाहणे, हाच त्या नावाचा मान राखण्याचा मार्ग आहे.

बालरोगतज्ज्ञांना आणि परिचारिकांना माझी विनंती आहे की, डबा हाती घेऊन आलेल्या मातेस दटावून परत पाठवू नये. बाळाचे वजन करावे, तिला पाजताना पाहावे, धरण्याची चूक असेल तर सुधारावी, आणि जोड लागणार असेल तर तिचे माप, तिची रीत आणि ती उतरवण्याची तारीख कागदावर लिहून द्यावी. आणि वाचकहो, बाळ-बाळंतीण पाहावयास जाल तेव्हा फडताळात डबा दिसला तर त्याविषयी चकार शब्द काढू नका. पाणी उकळून द्या, वाटी-चमचा धुऊन द्या, आणि ‘दूध पुरते का गं?’ हा प्रश्न विचारावयाचाच असेल तर बाळाच्या वजनाचा कागद पाहिल्यावाचून विचारू नका.